पहिल्या इन्स्ट्रक्शनच्या आधी

आमच्या गेम बॉय एम्युलेटरमध्ये, म्हणजे निन्टेन्डोच्या त्या हातातल्या खेळयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खेळ मागे नेण्याची सोय आहे. बटण दाबून धरलं की सगळं उलटं चालतं, दरीत पडलेला गडी पुन्हा कड्यावर येतो. आतली युक्ती सोपी आहे: ठरावीक फ्रेम्सनंतर यंत्राची पूर्ण अवस्था साठवून ठेवायची आणि मागे जाताना एकेक साठवण परत भरायची. गेम बॉयचा पडदा सेकंदाला ५९.७ वेळा नवा होतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण पावणेसतरा मिलिसेकंद मिळतात. कार्ट्रिजची रॅम धरूनही अवस्था काही दहा किलोबाइटची असते आणि तेवढं कॉपी करणं आजच्या प्रोसेसरला काहीच जड नाही. तरीही जुन्या लॅपटॉपवर मागे जाताना खेळ अडखळत होता. पर्फ हे वेळ मोजणारं साधन लावून पाहिलं, तर वेळ खाणाऱ्या फंक्शनांच्या यादीत सगळ्यात वर कॉपी करणारं फंक्शन नव्हतंच. वर बसलं होतं टेबलं (एम्युलेटरला लागणारे, कधी न बदलणारे तक्ते) बांधणारं फंक्शन, जे खरं तर एम्युलेटर उघडताना एकदाच चालायला हवं.

अवस्था परत भरणारा कोड आधी 'इनिट' बोलवत होता. इनिट यंत्राची सगळी अवस्था धरणारा स्ट्रक्ट शून्य करून टेबलं बांधायचं आणि मग 'रिसेट' बोलवायचं. रिसेट सीपीयू, पडदा, आवाज, टायमर या सगळ्यांचे आपापले रिसेट चालवायचं. हे सगळं झाल्यावर साठवलेली अवस्था त्यावर ओतली जायची, म्हणजे आत्ताच भरलेला प्रत्येक बाइट पुन्हा लिहिला जायचा. मागे जाताना हे सेकंदाला कितीतरी वेळा व्हायचं.

ही एक वाट बंद करणं सोपं होतं. पण ती बंद करताना मी सुरुवातीचा सगळाच रस्ता नीट चालून पाहायचं ठरवलं, कारण रिसेट आणखी कुठून कुठून बोलवलं जातं ते शोधल्यावर यादी लांबली. रॉम फाइल, म्हणजे खेळाच्या कार्ट्रिजची प्रत, उघडणारं फंक्शन शेवटी रिसेट बोलवत होतं. खिडकी आणि आवाज उभे करणारा वरचा थर रॉम उघडून झाल्यावर पुन्हा एकदा रिसेट बोलवत होता. बूट रॉमची, म्हणजे यंत्र चालू होताच खेळाच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, फाइल सापडली नाही तर 'स्किपबूट' नावाचं फंक्शन चालायचं आणि तेही कामाला लागण्याआधी स्वतःचं एक रिसेट करायचं. एकाच भिंतीला तीन जणांनी वेगवेगळे रंग द्यावेत आणि शेवटचा हात तेवढा दिसावा, असा हा प्रकार होता. खाली कोणता रंग आहे, तो का दिला होता, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

माझ्याबरोबर हा प्रकल्प सांभाळणारा मित्र म्हणाला, "अगं, शेवटचं रिसेट ठेव, बाकीची काढून टाक. निकाल तोच येणार." तर्क बरोबर वाटतो. पण एम्युलेटरमध्ये 'मेमरीत लिहिणं' ही साधी गोष्ट नसते. हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या खास पत्त्यावर, लिहिलं की काहीतरी घडतं आणि जे घडतं ते त्या ओळीपुरतं राहत नाही. म्हणून एकही ओळ हलवण्याआधी, पहिली इन्स्ट्रक्शन चालण्याच्या क्षणापर्यंत कोण काय लिहितं याचा हिशोब मांडायचा, यावर आमचं एकमत झालं.

त्यासाठी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मेमरी शून्य करणारा मेमसेट बाजूला ठेवून पूर्ण स्ट्रक्ट आधी एका नमुन्याने भरला, हेक्समधल्या (सोळा पायाच्या पद्धतीतल्या, जिच्यात पुढचे पत्ते आणि रजिस्टरांतली मूल्यंही आहेत) एएने, आणि पहिल्या इन्स्ट्रक्शनपाशी थांबून अवस्था फाइलमध्ये उतरवली. मग तेच ५५ने भरून केलं. एएचे सगळे बिट ५५मध्ये उलटे असतात, त्यामुळे दोन फाइलींत जो बाइट वेगळा येतो त्याला कोणीच हात लावलेला नसतो आणि जो सारखा येतो तो कुणीतरी मुद्दाम भरलेला असतो. ही पद्धत मला फार आवडते. अंदाजाला जागाच उरत नाही. दुसरी गोष्ट जीडीबी या डीबगरच्या वॉचपॉइंटची. संशय असलेल्या फील्डवर वॉचपॉइंट लावायचा आणि ते बदललं की कोणी बदललं ते बघायचं. एक्स८६वर असे हार्डवेअर वॉचपॉइंट एका वेळी चारच लावता येतात, तेव्हा हे काम हप्त्याहप्त्याने झालं.

यात पहिलं ठळक सापडलं ते डिव्ह रजिस्टर. पत्ता एफएफ०४. हा सेकंदाला १६,३८४ वेळा वाढणारा मोजणीदार आहे. खरं तर आतल्या १६ बिटांच्या मोजणीदाराचा वरचा अर्धा भाग. बूट रॉम संपून खेळ सुरू होतो त्या क्षणी मूळ गेम बॉयमध्ये त्यात एबी असतं. आमच्या स्किपबूटमध्ये सुरुवातीच्या मूल्यांचा एक तक्ता होता आणि एक लूप तो तक्ता बसवरून, म्हणजे खेळ लिहितो त्याच वाटेने, एकेका पत्त्यावर लिहायचा. पण डिव्हचा नियम असा की त्यात काहीही लिहा, तो शून्य होतो. म्हणजे तक्त्यात एबी दिसत होतं आणि यंत्रात शून्य जात होतं. आणखी दहा-बारा ओळींनंतर कुणीतरी आतल्या मोजणीदारात थेट एबीसीसी भरलं होतं, त्यामुळे शेवटचं उत्तर बरोबर यायचं. तक्त्यातली ओळ वाचणाऱ्याला मात्र वाटायचं की काम तिथेच होतंय.

दुसरं सापडलं ते अधिक गंभीर होतं. पत्ता एफएफ४६ म्हणजे ओएएम डीएमए. स्प्राइट्सची (पडद्यावर हलणाऱ्या चित्रांची) १६० बाइटची माहिती एका झटक्यात कॉपी करणारी यंत्रणा. बूटनंतर त्या रजिस्टरमध्ये एफएफ दिसतं, म्हणून तक्त्यातही एफएफ होतं. पण त्यात लिहिणं म्हणजेच कॉपी सुरू करणं. ती १६० मशिन सायकल चालते आणि तेवढा वेळ सीपीयूने हायरॅम हा मेमरीचा छोटा तुकडा सोडून इतरत्र वाचलं तर भरवसा नाही. म्हणजे आमच्या तक्त्यामुळे खेळाची पहिली इन्स्ट्रक्शन वाचायच्या वेळी डीएमए नको असताना चालू राहिली असती, पण ती चालू नव्हती, कारण वरच्या थरातलं 'जास्तीचं' रिसेट डीएमएचा झेंडा खाली करून जायचं. मग त्याच रिसेटने पुसलेली बाकीची रजिस्टरं त्यानंतरच्या एका छोट्या फंक्शनात पुन्हा भरली होती. जे फालतू दिसत होतं ते दुसऱ्या ओळीचा परिणाम झाकत होतं. तर्काच्या जोरावर एखादं रिसेट उडवलं असतं तर खेळ सुरूच झाले नसते आणि दोष काढून टाकलेल्या ओळीवर गेला असता.

आवाजाच्या बाबतीत क्रमाचाही प्रश्न आहे. एनआर५२ या आवाज चालू-बंद करणाऱ्या रजिस्टरमधला सगळ्यात वरचा बिट बंद असेल तर आवाजाच्या जवळपास सगळ्या रजिस्टरांत लिहिलेलं वाया जातं. तक्ता पत्त्यांच्या चढत्या क्रमाने होता, त्यामुळे एनआर५२ची पाळी येईपर्यंत आधीचं सगळं हवेत गेलेलं असायचं. दुसऱ्या फेरीत ते लागू व्हायचं, कारण तोवर आवाज चालू झालेला असायचा. खेळ उघडताना स्पीकरमधून एक टक् असा आवाज यायचा त्याचंही मूळ इथेच निघालं. आवाजाचा विभाग चालू, बंद आणि पुन्हा चालू होत होता आणि प्रत्येक वेळी डॅकची (आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाची) पातळी उडी मारत होती.

पडद्याचं तर विचारूच नका. एलसीडीसी या पडद्याच्या नियंत्रण-रजिस्टरमध्ये बसवरून ९१ लिहिलं की पडदा चालू होतो आणि तो पहिल्या ओळीपासून सुरू होतो. खऱ्या यंत्रात खेळाला ताबा मिळतो तेव्हा पडदा तिथे नसतोच. तेव्हा स्टॅट या पडद्याची स्थिती सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये ८५ असतं आणि ओळ शून्य दिसते. ८५चा अर्थ लावला तर पडदा व्ही-ब्लँकमध्ये, म्हणजे दोन फ्रेम्समधल्या विश्रांतीत, आहे. व्ही-ब्लँक आणि ओळ शून्य या दोन गोष्टी एकत्र फक्त एकाच जागी घडतात: १५३व्या ओळीवर, जिथे मोजणी थोड्या वेळातच शून्य दाखवू लागते. ही अवस्था रजिस्टरांत लिहून कधीच मिळत नाही. ती आतून थेट मांडावी लागते.

इथपर्यंत आल्यावर मला पटलं की नुसती जास्तीची कॉल्स उडवून भागणार नाही. आमच्या कोडमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मिसळल्या होत्या. एक म्हणजे बटण सरकवून वीज आली त्या क्षणीची अवस्था. दुसरी म्हणजे बूट रॉमचं काम संपून खेळाला ताबा मिळाला त्या क्षणीची. पहिलीत जवळजवळ काहीच ठरलेलं नसतं, दुसरीत जवळजवळ सगळं ठरलेलं असतं. दोघींसाठी एकच रिसेट वापरलं की ते कोणत्याच क्षणाचं चित्र खरं देत नाही.

दुसऱ्या अवस्थेतल्या आकड्यांकडे लोक जादूचे आकडे म्हणून बघतात. सीपीयूच्या ए रजिस्टरमध्ये ०१, एफ मध्ये बी०, बीसी मध्ये ००१३, डीई मध्ये ००डी८, एचएल मध्ये ०१४डी. प्रत्येक एम्युलेटरच्या कोडमध्ये ही ओळ सापडते आणि बहुतेक ठिकाणी ती कुठून तरी उचललेली असते. पण हे आकडे कुणी ठरवून ठेवलेले नाहीत. बूट रॉम ही २५६ बाइटची छोटी फाइल आहे, १९८९च्या यंत्रात चिपच्या आतच बसवलेली. २००३ साली नेविक्स्टी या टोपणनावाने वावरणाऱ्या एका माणसाने चिप उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली बिट वाचून ती बाहेर काढली. तिची उकल समोर ठेवून एकेका रजिस्टरचा माग काढला, तर हे आकडे म्हणजे कामाच्या शेवटी हातात राहिलेला ऐवज आहे हे दिसतं.

बूट रॉम कार्ट्रिजच्या हेडरमधलं (सुरुवातीच्या माहितीच्या भागातलं) निन्टेन्डोचं बोधचिन्ह आपल्याकडच्या प्रतीशी ताडून बघते. ती प्रत बूट रॉममध्ये ए८ या पत्त्यापासून सुरू होते आणि ४८ बाइटची आहे. ४८ म्हणजे हेक्समध्ये ३०. ए८ अधिक ३० बरोबर डी८. डीई मध्ये डी८ का, तर शेवटचा बाइट ताडून झाल्यावर बोट पुढच्या बाइटावर होतं म्हणून. मग हेडरची बेरीज तपासली जाते. बी मध्ये १९ ठेवून, म्हणजे दशमानात २५, एकेक बाइट मिळवत खाली मोजलं जातं. मोजणी संपली म्हणून बी शून्य. एचएल त्या वेळी तपासणीच्या बाइटापाशी, ०१४डीवर, थांबलेलं असतं. सी मधलं १३ हे दोन सुरांच्या त्या ओळखीच्या आवाजासाठी वापरलेल्या रजिस्टरचा क्रमांक आहे, ते तसंच राहून गेलं. शेवटी ए मध्ये १ भरून एफएफ५०मध्ये लिहिलं जातं, त्याने बूट रॉम स्वतःलाच नकाशावरून काढून टाकते आणि पुढची इन्स्ट्रक्शन आपोआप ०१००वर येते. ए मध्ये ०१ राहतं ते त्यामुळे.

फ्लॅग्जची, म्हणजे एफ मधल्या खुणेच्या बिटांची, गोष्ट तर मला सगळ्यात सुंदर वाटते. शेवटची बेरीज शून्य आली तरच बूट पुढे जाते, म्हणून झेड फ्लॅग चढलेला असणारच. पण हाफ-कॅरी आणि कॅरी, म्हणजे हातचा गेल्याच्या खुणा? तपासणीचा बाइट शून्य नसेल तर शून्यावर पोहोचताना बेरीज ओलांडून जाते आणि सहसा दोन्ही चढतात. तो बाइटच शून्य असेल तर काहीच ओलांडलं जात नाही आणि दोन्ही उतरलेले राहतात. म्हणजे एफ मधलं बी० हे स्थिर मूल्य नाही, ते कार्ट्रिजवर अवलंबून आहे. आमच्या कोडमध्ये सीपीयू रिसेट आणि स्किपबूट अशा दोन जागी ते स्थिर म्हणून लिहिलेलं होतं. रिसेट चालतं तेव्हा कधी कधी रॉम उघडलेलीही नसते, तेव्हा तिथे बरोबर उत्तर असणं शक्यच नव्हतं.

व्हीरॅम, म्हणजे पडद्याची मेमरी, हीही अशीच. बूट रॉमचा पहिला लूप ९एफएफएफपासून खाली येत व्हीरॅमचे आठ किलोबाइट पुसतो. आमच्याकडे ते मेमसेटमध्ये पुसलं जायचं, पडद्याच्या रिसेटमध्ये पुसलं जायचं आणि स्किपबूटमध्येही पुसलं जायचं. पण पुसल्यानंतर बूट रॉम तिथे बोधचिन्हाच्या टाइल्स काढते, हेडरमधला प्रत्येक बिट आडवा-उभा दुप्पट करून, आणि खेळाला ताबा देताना त्या तिथेच असतात. त्या टाइल्स वापरून स्वतःची सुरुवात रंगवणारे काही डेमो आहेत. आम्ही तीनदा पुसलं होतं, पण तिथे जे असायला हवं ते कोणीच ठेवलं नव्हतं.

आता उलट बाजू: जे पुसायला नको ते. वर्करॅमचे, म्हणजे खेळाच्या कामाच्या मेमरीचे, आठ किलोबाइट मूळ गेम बॉयची बूट रॉम पुसत नाही. वीज आली की तिथे जो कचरा असेल तो असतो. आमच्या ओळखीची एक मुलगी स्वतःचा खेळ असेंब्लीत लिहीत होती. आमच्या एम्युलेटरवर तो झकास चालायचा आणि फ्लॅश कार्ट्रिजवर टाकून खऱ्या यंत्रात घातला की पहिल्याच पडद्यावर भलत्याच टाइल्स दिसायच्या. तिचं एक चल सुरुवातीला शून्य असेल असं गृहीत धरलेलं होतं आणि आमचा मेमसेट ते गृहीतक इमानेइतबारे खरं करत होता. शून्य भरणं सुरक्षित वाटतं, पण नवं लिहिणाऱ्यासाठी ती खोटी ग्वाही असते. सेमबॉयसारखे काटेकोर एम्युलेटर सुरुवातीला रॅममध्ये यादृच्छिक मूल्यं भरतात, तेच आम्ही केलं. फक्त त्या यादृच्छिक मूल्यांचं बीज (सीड) ठरवून देता येईल असं ठेवलं, म्हणजे तीच चूक पुन्हा पुन्हा घडवून बघता येते. मेमसेट गेल्याचा आणखी एक फायदा झाला. आधी सगळी मेमरी 'भरलेली' असल्याने व्हॅलग्रिंड आणि क्लँगचा मेमरी सॅनिटायझर ही न भरलेली मेमरी पकडणारी साधनं कधी बोलतच नव्हती. आता एखादं फील्ड भरायचं राहिलं तर ती लगेच ओरडतात.

नवी मांडणी लिहायला फार वेळ लागला नाही. 'पॉवरऑन' हे एक फंक्शन, ते वीज आल्याच्या क्षणापुरतं बोलतं. 'बूटनंतर' हे दुसरं, ते हेडर वाचून अवस्था मांडतं, बसला हात न लावता, थेट फील्डमध्ये; प्रत्येक ओळीशेजारी ते मूल्य बूट रॉमच्या कुठल्या कामातून उरलं ते टिपणात लिहिलेलं. बूट रॉम असेल तर फक्त पहिलं चालतं, नसेल तर पहिल्यानंतर दुसरं. रॉम उघडणारं फंक्शन रॉम उघडतं, बस्स. वरच्या थराला रिसेट हवं असेल तर तो यंत्र बंद करून चालू करतो, वेगळी वाट नाही. साठवलेली अवस्था भरताना यातलं काहीच चालत नाही.

टेबलांसाठी मित्राचं मत होतं की एक स्टॅटिक झेंडा ठेवावा आणि एकदा बांधली की परत बांधू नये. ही पद्धत जुनी आणि रुळलेली आहे. क्यूईएमयू या अनेक प्रोसेसरांची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्येही प्रत्येक प्रोसेसरच्या कोडात भाषांतराच्या तयारीसाठी असा आपापला झेंडा असायचा. २०१७ साली ते काम उचलून एका सामाईक जागी नेलं गेलं आणि ठिकठिकाणचे झेंडे गेले. तो बदल वाचताना मला बळ मिळालं. आमच्या बाबतीत झेंड्याचीही गरज नव्हती. लिंक केबलसाठी आम्ही दोन गेम बॉय दोन थ्रेडवर चालवतो आणि साधा झेंडा तिथे धोक्याचा. ऑपकोडची (इन्स्ट्रक्शनच्या क्रमांकांची) २५६ अधिक २५६ नोंदींची टेबलं आणि बिट पसरवण्याचं टेबल, तिन्ही कधीच बदलत नाहीत. ती स्टॅटिक कॉन्स्ट करून थेट सोर्समध्ये लिहिली की कंपायलर ती फक्त वाचण्याच्या विभागात ठेवतो. चालताना बांधायला काही उरतच नाही आणि दोन्ही थ्रेड निर्धास्त वाचतात.

पडताळणीसाठी मित्राकडे असलेली बूट रॉम वापरली. एकदा बूट रॉमसकट चालवून ०१००पाशी अवस्था उतरवली, एकदा 'बूटनंतर' वापरून उतरवली आणि दोन फाइली ताडल्या. वर्करॅमसाठी दोन्हीकडे एकच बीज दिलेलं होतं, त्यामुळे तीही जुळायला हवी होती आणि जुळली. मग मूनआय या गेम बॉय एम्युलेटर तपासणाऱ्या संचाच्या चाचण्या: बूटनंतरची रजिस्टरं, डिव्ह आणि हार्डवेअरचे पत्ते तपासणाऱ्या तिथे वेगवेगळ्या रॉम आहेत. पास झाल्यावर त्या बी, सी, डी, ई, एच, एल मध्ये ३, ५, ८, १३, २१, ३४ ठेवून थांबतात. डीबगरमध्ये हे सहा आकडे ओळीने दिसले तेव्हा खूप समाधान वाटलं. आता या चाचण्या प्रत्येक कमिटवर चालतात, त्याच्या शेजारी एए-५५ची तुलनाही. जुन्या लॅपटॉपवर खेळ मागे नेताना पर्फच्या यादीत आता कॉपी करणारं फंक्शन वर असतं, आणि तेही थोड्याच टक्क्यांवर. सुरुवातीचा टक् आवाजही गेला.

गेम बॉय कलरचं काम अजून बाकी आहे. तिथे बूट रॉम २०४८ बाइटची असून हेडरला जागा देण्यासाठी दोन तुकड्यांत बसते, आणि ए मध्ये ११ राहतं, ज्यावरून खेळ आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते ओळखतात. जुने काळे-पांढरे खेळ घातले तर ती नावातल्या बाइटांची बेरीज करून रंगसंगती निवडते, म्हणजे तिथे 'बूटनंतर'ला हेडरमधलं नावही वाचावं लागणार. ते फंक्शन हेडर हातात घेऊनच चालतं, त्यामुळे जागा तयार आहे; पुढचा पॅच त्याचाच आहे.